ब्लॉग काढायचा की वेबसाइट? नाशिकमधून ऑनलाइन कमाई सुरू करताना

तांत्रिकदृष्ट्या ब्लॉग हीसुद्धा एक वेबसाइटच. फरक कमाईच्या वाटेत आहे. ब्लॉगवर नवे लेख पडत राहतात, वाचक ते शोधत येतो, वाचतो आणि निघून जातो. आपण ज्याला साधी वेबसाइट म्हणतो तिच्यावर ठरावीक पानं असतात: आम्ही कोण, काय विकतो, दर काय, कुठे भेटाल. त्या पानांवर माणूस वाचायला येत नाही, घ्यायला किंवा विचारायला येतो. ‘दोन्हीपैकी चांगलं काय’ असं विचारलं तर उत्तर मिळत नाही. खालच्या क्रमाने गेलात तर तुमच्यापुरतं उत्तर दुसऱ्या-तिसऱ्या पायरीलाच मिळेल.

१. पैसे कोण देणार, हे आधी ठरवा

पैसे देणारे दोनच प्रकारचे. एक, तुमचा ग्राहक: येवल्याची पैठणी घेणारा, मनुके मागवणारा, लग्नाचे फोटो काढून घेणारा, क्लासची फी भरणारा. दुसरा, वाचकाच्या नजरेसाठी पैसे मोजणारा तिसराच कोणी: जाहिरातदार किंवा विक्रीमागे कमिशन देणारं दुकान.

ग्राहक थेट पैसे देणार असेल तर वेबसाइट. तिसरा देणार असेल तर ब्लॉग. तुमच्याकडे विकायला आज काहीच नाही, पण एखादा विषय अंगात मुरलेला आहे, तर ब्लॉग. आणि वस्तू, सेवा किंवा दुकान आधीपासून आहे तर जाहिरातींच्या ब्लॉगमागे लागणं म्हणजे वेळ वाया घालवणं. सातपूरच्या फॅब्रिकेशनवाल्याला महिन्याला पाच योग्य चौकश्या पुरतात, एक लाख वाचक त्याच्या काही कामाचे नाहीत.

२. मग कागदावर हिशेब मांडा

हिशेब मांडायला अर्धा तास लागतो आणि बहुतेक जण नेमका तोच टाळतात. आधी ब्लॉगचा हिशेब पाहू.

ॲडसेन्स म्हणजे ब्लॉगवर जाहिराती लावून पैसे देणारी गूगलची योजना. तिचे पैसे खात्यात १०० डॉलर जमल्याशिवाय निघत नाहीत. म्हणजे साधारण नऊ हजार रुपये धरा. समजा, मराठी लेखांवर हजार पानं पाहिली गेली की ६० रुपये मिळतात. (हा आकडा फक्त हिशेबासाठी. विषय, हंगाम आणि वाचक कुठला यावर तो खूप खालीवर होतो.) मग नऊ हजारांसाठी दीड लाख वेळा पानं उघडली जायला हवीत. नव्या ब्लॉगला शोधातून बऱ्यापैकी वाचक यायलाच सहा महिने ते वर्ष जातं, तेही पंचवीस-तीस नीट लिहिलेले लेख असतील तर. शिवाय हल्ली गूगल बरीचशी उत्तरं शोधाच्या पानावर वरच देऊन टाकतं. ‘अमुक म्हणजे काय’ छापाच्या लेखावर माणूस येतच नाही. त्यामुळे घरखर्च लगेच निघायला हवा असेल तर ब्लॉगच्या भरवशावर राहू नका.

वेबसाइटच्या हिशेबातले खड्डे वेगळे असतात. मनुक्यांचा अर्धा किलोचा डबा २५० रुपयांना विकायचा असं समजा, जीएसटी सध्या बाजूला ठेवू. माल १४०, डबा १५, कुरिअर ६०, पेमेंट गेटवेचे (ऑनलाइन पैसे घेऊन देणाऱ्या सेवेचे) दोन टक्के आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी मिळून ५.९०. हातात राहिले २९ रुपये १० पैसे. आता कॅश ऑन डिलिव्हरीचं एक पार्सल ग्राहकाने घेतलं नाही, तर जायचे ६० आणि परत यायचे समजा ५० असे ११० रुपये गेले. जवळजवळ चार डब्यांचा नफा एका नकारात साफ.

आता तोच ग्राहक दोन डबे एकदम घेतो असं धरा. ५०० मधून माल २८०, मोठा खोका २५, एक किलोचं कुरिअर ८५, गेटवे ११.८० वजा केले की ९८ रुपये २० पैसे उरतात. माल दुप्पट, नफा तिपटीहून जास्त. म्हणून खाद्यपदार्थ विकणाऱ्याने किमान ऑर्डरची अट पहिल्या दिवसापासून ठेवावी आणि कॅश ऑन डिलिव्हरी सुरुवातीला बंदच ठेवावी.

तुमचे स्वतःचे आकडे घालून हाच हिशेब करा. डब्यामागे दहा-पंधरा रुपयेही सुटत नसतील तर वेबसाइट कितीही देखणी झाली तरी ती तोटाच वाढवेल.

३. ब्लॉग असेल तर विषयाला हंगाम आहे का ते पाहा

नाशिक जिल्ह्यात सगळ्यात मोठा आणि सगळ्यात कमी नीट लिहिला गेलेला विषय म्हणजे द्राक्षबाग. यात वाचक हंगामाने येतो. एप्रिलमधली खरड छाटणी, मग ऑक्टोबरच्या आसपासची गोडी बहार छाटणी. सटाणा पट्ट्यात अर्ली द्राक्षांची छाटणी त्याही आधी उरकते. छाटणी झाली आणि पाऊस लागला की डाऊनी म्हणजे केवडा या रोगाबद्दल शोधाशोध सुरू होते, थंडीत भुरी रोगाबद्दल. लेख त्या दिवशी टाकून उपयोग नाही. गूगलला तो सापडून वर यायला आठवडे जातात. डाऊनीचा लेख ऑगस्टमध्ये तयार हवा, भुरीचा दिवाळीआधी.

औषधांची मात्रा लिहिताना सावध राहा. द्राक्षावर लेबल क्लेम (त्या पिकासाठी अधिकृत मान्यता) असलेलीच औषधं आणि काढणीपूर्व अंतर (शेवटची फवारणी ते काढणी यांतले दिवस) पुण्याजवळच्या मांजरी इथल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या यादीतून पडताळून घ्या. चुकीच्या मात्रेने कुणाचा निर्यातीचा माल औषधाच्या उर्वरित अंशामुळे अडकला तर तुमचा ब्लॉग कायमचा उठला.

२०२७ च्या सिंहस्थावर ब्लॉग काढायची कल्पना सध्या अनेकांच्या डोक्यात आहे. पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला आहे. दोन गोष्टी लक्षात घ्या. बाहेरून येणारा बहुसंख्य भाविक हिंदीत शोधणार, मराठीत नाही. आणि गर्दी ओसरली की वाचकही ओसरणार. रामकुंडावर उतरायचं की त्र्यंबकला कुशावर्तावर, नाशिकरोड स्टेशनहून पंचवटीला कसं जायचं, असं लिहिणार असाल तर ते पर्व संपल्यावरही चालेल अशा बेताने लिहा. त्र्यंबकेश्वर, काळाराम, ब्रह्मगिरी, अंजनेरी यांना बाराही महिने माणसं येतात. फक्त कुंभाच्या नावाचं डोमेन (साइटचा पत्ता) घेऊन बसलात तर २०२८ नंतर त्याचं काय करणार?

४. डोमेन आणि होस्टिंग: सगळं स्वतःच्या नावावर

डोमेनला वर्षाला साधारण पाचशे ते हजार-बाराशे रुपये पडतात. पहिल्या वर्षाची ९९ रुपयांची ऑफर बघून उडी मारू नका, खाली बारीक अक्षरात नूतनीकरणाचा दर दिलेला असतो, तो बघा. होस्टिंग म्हणजे साइट ठेवायची भाड्याची जागा, तिचंही तसंच. ‘महिना ६९ रुपये’ हा दर बहुधा चार वर्षांचे पैसे एकदम भरले तरच असतो आणि मुदत संपल्यावर तो दुप्पट-तिप्पट होतो. सुरुवातीला एक वर्षाचंच घ्या. सुरक्षेचं एसएसएल प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्टकडून फुकट मिळतं. त्याचे वेगळे हजार-दोन हजार मागणाऱ्याला नकार द्या.

सगळ्यात महागात पडणारा सापळा वेगळाच. ‘दहा हजारांत वेबसाइट’ करून देणारा डिझायनर डोमेन स्वतःच्या ईमेलवर, स्वतःच्या मोबाइलवर नोंदवतो. वर्षाने नूतनीकरणाला तो मागेल ती रक्कम द्यावी लागते, किंवा तो फोनच उचलत नाही आणि दुकानाच्या बोर्डावर, पिशव्यांवर छापलेला पत्ता हातचा जातो. काम देण्याआधी या चार गोष्टी लेखी ठरवा:

- डोमेन ज्या कंपनीकडे आहे तिथलं खातं तुमच्या ईमेलवर आणि ओटीपी तुमच्या मोबाइलवर
- होस्टिंगच्या कंट्रोल पॅनेलचा पासवर्ड
- वर्डप्रेसचं (साइट चालवण्याच्या सॉफ्टवेअरचं) ॲडमिन खातं, एडिटरचं नव्हे
- साइटचा संपूर्ण बॅकअप, पेन ड्राइव्हवर किंवा तुमच्या गूगल ड्राइव्हवर

आधीच अडकला असाल तर डोमेन दुसऱ्या कंपनीकडे हलवण्यासाठी लागणारा ऑथ कोड मागा. नव्या डॉट कॉम डोमेनला पहिले ६० दिवस हलवता येत नाही, हे गृहीत धरून चला.

देवनागरीतलं ‘.भारत’ डोमेन मिळतं, दिसतंही छान, पण कॉपी करून पाठवलं की बऱ्याच ठिकाणी ते अगम्य रोमन अक्षरांत उमटतं. तीच गत लेखाच्या पत्त्याची. देवनागरी शीर्षक तसंच पत्त्यात राहू दिलंत तर व्हॉट्सॲपवर टक्क्यांच्या खुणांची वीतभर माळ जाते आणि लोक ती फसवी लिंक समजून उघडत नाहीत. डोमेन आणि लेखाचा पत्ता रोमन लिपीत, छोटा ठेवा. मजकूर बिनधास्त मराठीत.

फुकटाच्या जागेवर किती विसंबायचं, याचं एक उदाहरण पुरेसं आहे. गूगल बिझनेस प्रोफाइलमधून दुकानदारांना मोफत वेबसाइट बनवता यायची. गूगलने मार्च २०२४ मध्ये त्या सगळ्या बंद केल्या.

५. ब्लॉग ठरला तर

खिशात पैसे नसतील तर ब्लॉगरवर सुरू करा. २००३ पासून ते गूगलकडे आहे, होस्टिंगचा खर्च शून्य, आणि स्वतःचं डोमेन जोडता येतं. ते पहिल्या दिवशीच जोडा. पुढे वर्डप्रेसवर जायचं झालं तर डोमेन तुमचं असल्याने वाचक सोबत येतात. मात्र ब्लॉगरवर दुकान मांडता येत नाही. पुढे काही विकायचा विचार असेल तर पहिल्यापासून स्वतःच्या होस्टिंगवर वर्डप्रेस घ्या. वर्डप्रेस डॉट ऑर्ग आणि वर्डप्रेस डॉट कॉम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलं मोफत सॉफ्टवेअर, दुसरी पैसे घेणारी सेवा. तुम्हाला पहिलं हवं आहे.

थीम (साइटचा तयार साचा) अधिकृत ठिकाणाहूनच घ्या. टेलिग्रामवर फिरणाऱ्या ‘प्रीमियम फ्री’ थीममध्ये घुसवलेला कोड असतो आणि तुमच्या साइटवरून वाचक जुगाराच्या पानांवर जायला लागतात.

लिहायचं युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही फोनवर नीट दिसणाऱ्या अक्षरांत. नाशिकच्या कुठल्याही डीटीपीवाल्याकडून आणलेला मजकूर बहुधा श्रीलिपी किंवा कृतीदेव या जुन्या फॉन्टमध्ये असतो. तो चिकटवला की पानावर भलतीच अक्षरं दिसतात, आणि कुणी त्याचा फोटो करून टाकला तर गूगलला त्यातलं काही कळत नाही. आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि र्‍हस्व-दीर्घ, जोडाक्षरं, रफार हाताने तपासा. ‘र्‍या’ आणि ‘र्या’ यांची सर्वाधिक वाट याच बदलात लागते.

ॲडसेन्ससाठी:

- वय १८ पूर्ण हवं. मराठी ही त्यांच्या मान्य भाषांपैकी आहे.
- अर्ज करण्याआधी निदान वीसेक स्वतः लिहिलेले लेख, संपर्क आणि गोपनीयता धोरणाचं पान. वीस ही काही गूगलची अट नव्हे, पण पाच लेखांवर अर्ज केला की बहुतेकदा ‘कमी मूल्याचा मजकूर’ म्हणून परत येतो.
- खात्यातलं नाव बँक पासबुकावरच्या नावाशी अक्षरन् अक्षर जुळवा. वडिलांचं नाव पासबुकात असेल तर इथेही हवं.
- १० डॉलर जमले की पत्ता पडताळायला साध्या टपालाने पिन (पडताळणीचा आकडा) येतो, दोन ते चार आठवड्यांत. रजिस्टर नसल्याने पत्ता चुकला की तो हरवतो. विंग, फ्लॅट नंबर, सोसायटीचं नाव, जवळची खूण आणि बरोबर पिनकोड टाका. पंचवटी ४२२००३, नाशिकरोड ४२२१०१. नुसतं ‘नाशिक’ लिहून चालत नाही. चार महिन्यांत पिन भरला नाही तर जाहिराती बंद होतात.
- पैसे वायर ट्रान्सफरने घ्यायला बँकेचा स्विफ्ट कोड (परदेशी व्यवहारांसाठीचा बँकेचा संकेतांक) लागतो. अनेकांचं एकमेव खातं सहकारी बँकेत किंवा पतसंस्थेत असतं आणि तिथे तो बहुधा नसतो. आधी चौकशी करा, गरज पडली तर राष्ट्रीयीकृत किंवा मोठ्या खासगी बँकेत खातं उघडा. पहिली रक्कम आली की बँक ‘पर्पज’, म्हणजे पैसे कशाचे ते, विचारते. जाहिरात सेवेचं उत्पन्न म्हणून सांगा. पैसे दर महिन्याच्या २१ ते २६ तारखेदरम्यान सुटतात.

स्वतःच्या जाहिरातीवर स्वतः क्लिक करू नका, घरच्यांनाही करू देऊ नका. ‘तुम्ही माझ्यावर, मी तुमच्यावर’ असले व्हॉट्सॲप ग्रुप दिसले की बाहेर पडा. खातं बंद झालं की साठलेले पैसेही जातात आणि त्याच नावाने दुसरं खातं सहसा मिळत नाही. एआयकडून रोज वीस लेख पाडून टाकण्याचा उद्योगही आता अंगाशी येतो. मार्च २०२४ मध्ये गूगलने अशा घाऊक मजकुराविरुद्ध धोरणच आणलं.

कमिशनची वाट धरलीत तर ॲमेझॉनच्या भारतातल्या योजनेत पहिल्या १८० दिवसांत तीन विक्री व्हाव्या लागतात, नाहीतर खातं बंद होतं. त्या तीन स्वतःच करून चालत नाहीत. आणि लिंकवर कमिशन मिळतं हे वाचकाला स्पष्ट सांगा.

६. वेबसाइट ठरली तर

सेवा देणाऱ्याला पाच-सहा पानं पुरतात. त्यात दराचं पान असू द्याच. ‘दरासाठी संपर्क करा’ वाचून माणूस मागे फिरतो. नेमका आकडा देता येत नसेल तर ‘इतक्यापासून पुढे’ लिहा. भागांची नावं स्पष्ट लिहा: सिडको, इंदिरानगर, गंगापूर रोड, ओझर. लोक ‘जवळचा’ शोधतात. गूगल बिझनेस प्रोफाइलवरचा पत्ता आणि फोन वेबसाइटवरच्याशी तंतोतंत जुळवा.

महागड्या वस्तूचं गणित निराळं. पंधरा हजारांची पैठणी अनोळखी साइटवर कुणी बटण दाबून घेत नाही. तिथे वेबसाइट हा नमुन्यांचा अल्बम, विक्री व्हिडिओ कॉलवर. पदराचा, काठाचा आणि उलट बाजूचा जवळून फोटो, सिल्क मार्क (शुद्ध रेशमाची खूण) आहे की नाही, हातमाग की यंत्रमाग, हे उघड लिहा. जाणकार ग्राहक आधी साडीची उलटी बाजू मागतो.

दुकान मांडायचं तर वर्डप्रेसवर वूकॉमर्स हे प्लगइन मोफत आहे. शॉपिफाय या तयार दुकान देणाऱ्या सेवेला महिन्याचं भाडं पडतं, पण डोकेदुखी कमी. महिन्याला पंधरा-वीस ऑर्डरींच्या आत असाल तर दोन्ही सोडा. फोटोंची यादी, व्हॉट्सॲपचं बटण आणि यूपीआय एवढ्यावर भागतं.

पेमेंट गेटवेचे अर्ज बहुतेकदा एकाच कारणाने अडतात. रेझरपे, कॅशफ्री, पेयू, कुणीही घ्या, साइटवर ही पानं आधी हवीत: संपर्क, अटी, गोपनीयता, रद्द करणे व परतावा, डिलिव्हरी. दुसऱ्याच्या साइटवरून उचललेल्या अटींमध्ये त्याच्याच कंपनीचं नाव राहिलेलं असतं, ते एकदा शोधून काढा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्कही द्यायचा असतो. तक्रारीची पोच ४८ तासांत, निवारण महिन्याभरात.

फोटो मोबाइलवरून थेट चढवू नका. चार-पाच एमबीचा एक फोटो खेड्यातल्या नेटवर्कवर उघडेपर्यंत ग्राहक गेलेला असतो. दीडशे केबीच्या आत आणा.

७. कागदपत्रं

दोन्हींसाठी: पॅन, आधार, रद्द केलेला धनादेश किंवा बँक स्टेटमेंट, आधारशी जोडलेला मोबाइल.

विक्रीसाठी आणखी:

- लघुउद्योगांची उद्यम नोंदणी. सरकारी पोर्टलवर पूर्ण मोफत. गूगलवर वर जाहिरातीत दिसणाऱ्या, हजार-दीड हजार मागणाऱ्या साइट सरकारी नाहीत.
- शॉप ॲक्ट (दुकान-आस्थापना नोंदणी). कामगार थोडे असतील तर फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते. चालू खातं उघडताना बँक बहुधा हाच कागद मागते.
- खाण्याचा पदार्थ असेल तर अन्नसुरक्षा प्राधिकरण म्हणजे एफएसएसएआय. साधी नोंदणी की परवाना, हे उलाढालीवर आणि ऑनलाइन विक्रीच्या प्रकारावर ठरतं. त्यांच्या फॉसकॉस पोर्टलवर आधी तपासा, मगच लेबलं छापा.
- जीएसटीसाठी जागेचा पुरावा: वीजबिल, भाड्याची जागा असेल तर करारनामा. वीजबिल वडिलांच्या नावावर असेल तर त्यांचं संमतिपत्र.

पाकिटावर निव्वळ वजन, एमआरपी, उत्पादकाचं नाव-पत्ता, महिना-वर्ष आणि ग्राहक संपर्क हवा. साइटवरही हेच द्या.

८. कर

सेवेची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी सहसा लागत नाही. ब्लॉगची परदेशातून येणारी कमाईही यात धरा. मालाचं मात्र वेगळं आहे. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ४० लाखांपर्यंत सूट, पण करपात्र माल परराज्यात पाठवायचा तर पहिल्या पार्सलपासून नोंदणी. बेंगळुरूला गेलेला मनुक्यांचा एक डबासुद्धा यात येतो. हस्तकलेच्या काही वस्तूंना अपवाद आहे, पण पैठणीवाल्यांनी तो स्वतः न लावता सीएला विचारावं. नोंदणी होईपर्यंत साइटच्या सेटिंगमध्ये डिलिव्हरी महाराष्ट्रापुरती मर्यादित ठेवता येते.

उत्पन्न दोन्हींचं करपात्रच आहे. वर्षाचा कर १०,००० रुपयांवर जाणार असेल तर आगाऊ कर हप्त्यांनी भरावा लागतो. कमिशनवर कापलेला टीडीएस आयकर पोर्टलवर दिसतो, विवरणपत्र भरताना तो जुळवा.

९. दोन्ही हवं असेल तर

आधी दुकान, मग त्याच डोमेनवर ब्लॉगचा विभाग. वेगळं डोमेन घेतलं तर दोन्हीकडे शून्यातून सुरुवात. दुकानाच्या ब्लॉगवर जाहिराती लावू नका. मनुक्यांच्या पानावर बहुधा दुसऱ्याच्याच मनुक्यांची जाहिरात येते, आणि दोन रुपयांसाठी आपलं गिऱ्हाईक आपणच त्याच्या दारात सोडतो. लेख विक्रीला धरून असावेत: मनुके आणि बेदाण्यांत फरक काय, पावसाळ्यात डबा कसा ठेवावा, पैठणी घडी घालून किती दिवस ठेवावी.

गूगलचं सर्च कन्सोल पहिल्याच आठवड्यात जोडा आणि त्याला साइटमॅप (साइटवरच्या पानांची यादी) द्या. तीन महिन्यांनी ‘क्वेरी’ची यादी उघडून बघा. लोक कोणते शब्द टाकून तुमच्या पानापर्यंत आले ते तिथे दिसतं. पान दिसतंय पण क्लिक होत नसेल तर शीर्षक बदला. दिसतच नसेल तर त्या विषयावर तुम्ही पुरेसं लिहिलेलं नाही, किंवा लोक तो वेगळ्या शब्दांत शोधतात. तुम्ही ‘द्राक्षावरील केवडा’ लिहीत असता, शेतकरी ‘डाऊनी’ टाइप करत असतो.